मामांचा वासाचा मासा

डिचोलीच्या बाजारात आजवर नाकानं संसार केलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो सुदैवानं अजून तिथेच बसतो. ते माझ्या बायकोचे मामा. आपण सगळे डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो आणि नाकाची आठवण फक्त सर्दी झाली की काढतो. मामांचं सगळंच उलटं. चष्मा कायम कपाळावर. कानांवर त्यांनी कधी फारसा भरवसा ठेवला नाही, कारण ‘लोक तोंडान कांयय सांगतात’ असं त्यांचं ठाम मत. नाक मात्र उठल्यापासून निजेपर्यंत कामावर. देवळाच्या वाटेवर त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. कापूर, उदबत्त्या, गुगुळ, चंदनाची खोडं, अत्तराच्या कुप्या, सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेलं. आपण आत पाऊल टाकलं की आपलं नाक त्या गर्दीत हरवतं. मामा मात्र त्याच गर्दीत बसून गिऱ्हाइकाला थांबवत म्हणायचे, “मात्शे रावात,” आणि पलीकडच्या हॉटेलवाल्याला हाक मारून सांगायचे, “अरे, तुजी पातळभाजी तळाक लागली!” ती लागलेली असायची.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हे मामा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. माझं शिक्षण, नोकरी, घराणं, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. हवेचा झोत अंगावर यावा म्हणून पंख्याच्या दिशेनं थोडे सरकले, दोनदा लांब श्वास घेतला आणि आत निघून गेले. मला वाटलं, माणूस दमेकरी असावा. पुढे लग्न झाल्यावर बायकोनं सांगितलं की आत सगळे चर्चा करत होते आणि मामांनी एका वाक्यात निकाल दिला होता, “पोरग्याचो घाम प्रामाणीक आसा. करूंक हरकत ना.” इतक्या वर्षांत मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र आहे आणि ते चौकटीत लावता येत नाही याची मला खंत आहे.

सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की मामा पिशवी घेऊन दारात. पण पाव पिशवीत टाकण्यापूर्वी प्रत्येक पाव नाकाशी. “आज भट्टींत लांकूड वेगळें घालां रे?” पोदेर बिचारा बापजाद्यांपासून पाव भाजणारा. तो म्हणायचा, “भाटकारानू, काजीचें घातलां. आंब्याचें सोंपलें.” मामा मान डोलवायचे, पाव घ्यायचे आणि मामींना सांगायचे की आज चहात बुडवूनच खायला हवा. म्हापशाहून पेडण्याला आमच्याकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे तर शिक्षाच होती. खिडकीबाहेर काय आहे ते त्यांना ठाऊक नसायचं, पण मागच्या सीटवरच्या बाईच्या पिशवीत काय आहे, ती काल कुठल्या घरी बारशाला गेली होती आणि तिच्या नवऱ्यानं दुपारी काजूची किती हुर्राक घेतली आहे, हे ते हळू आवाजात मला सांगत राहायचे. हळू आवाज म्हणजे त्यांच्या मते हळू. दोन-तीनदा आम्ही आमच्या थांब्याच्या आधीच उतरलो आहोत.

या सगळ्याचं शिखर म्हणजे चवथीचा धूप. श्रावण लागला की दुकानामागच्या खोलीत मामा राळ, ऊद, गुगुळ, चंदन, नागरमोथा, कपूरकाचरी घेऊन बसायचे. वजनकाटा नाही, माप नाही. चिमूट टाकायची, हुंगायचं, पुन्हा चिमूट. वाळपईपासून वास्कोपर्यंतची माणसं चवथीच्या आधी तो धूप न्यायला यायची. गणपती कुठल्याही मूर्तिकाराचा असो, धूप या दुकानातला हवा, असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत.

आणि मग मामांना ताप आला. फार मोठा नाही, असतो तसा. आठवड्यात उठले, दुकानात गेले, कापराचा डबा उघडला, हुंगला आणि परत बंद करून ठेवला. घरी कुणाला काही बोलले नाहीत. मामींना कळलं ते हुमणावरून. ज्या माणसानं लग्नापासून माशाचं एकही हुमण आधी हुंगल्याशिवाय आणि त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय तोंडात घातलं नव्हतं, तो त्या दुपारी मुकाट्यानं जेवला आणि हात धुवायला उठला. “ताटांत नाक घालिनासतना जेवले, तेन्नाच काळीज धडधडलें माजें,” मामी म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, नाक येईल हळूहळू, कधी येतं, कधी वेळ लागतो. वेळ लागला. तो अजून लागतोच आहे.

त्या वर्षीच्या चवथीला मामांनी धूप केला. हातांना सवय होती, चिमूट आपोआप जात होती. पुड्या बांधताना जो येईल त्याच्यासमोर ते मूठ धरायचे, “कसो?” जो तो म्हणायचा, “बरो आसा, मामा.” भटजी म्हणाले बरो. शेजारचा सोनार म्हणाला बरो. आम्हीही म्हटलं बरो. खरं सांगायचं तर आम्हाला त्यातलं काय कळत होतं? पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून दुसरा शब्द तोंडात येतच नव्हता. मामा मूठ मिटून घ्यायचे आणि आमच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचे.

चवथ होऊन गेल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. सुतारशाळेतून लाकडाचा नुसता भुसा आणला, त्यात थोडा डिंक कालवून गोळ्या केल्या. वास म्हणावा असं काहीही नाही. आणि सकाळभर आल्यागेल्यासमोर मूठ धरली. भटजींनी डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाले, “व्वा! गेल्या खेपेपरस बरो जालो.” सोनार तर चोखंदळ माणूस. तो म्हणाला, “ऊद मात्सो चड पडला, पूण बरो.” मी नशिबानं दुपारी पोचलो, तोवर प्रयोग संपला होता, नाहीतर मीही त्यात चंदन शोधून काढलं असतं. मामा हसून मला सगळं सांगत होते, पण हसणं गळ्यापर्यंतच होतं. शेवटी म्हणाले, “जावयबापू, माका सगळे बरे म्हणटात. आतां खरें कोण सांगतलो? हो हात अजून चलता काय ना, तें कळ्ळ्याबगर फुडल्या चवथीक धूप कसो करूं?”

दुसरा कुणी असता तर दुसऱ्या गावच्या अत्तरवाल्याकडे गेला असता. मामा गेले माशांकडे.

पुढच्या रविवारी सकाळीच मामा आणि मामी आमच्या घरी हजर. आमचं घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे बांधावर लाकडी दरवाजा आहे, त्याला आम्ही मानस म्हणतो. ओहोटीला आतलं पाणी मानशीतून नदीत पडतं आणि तिथे मासे जमतात, हे गावातल्या कुणालाही माहीत असतं. मामा बांधावर उभे राहिले आणि त्यांनी मला त्यांचा सिद्धांत ऐकवला. मासा खोटं बोलत नाही. माशाला भीड नसते. वास आवडला तर तोंड लावील, नाही आवडला तर शेपटी दाखवील. तेव्हा गळाला लावायचा एक असा खोटा मासा बनवायचा की ज्याच्या पोटातून वास हळूहळू पाण्यात सुटेल. वास मामांच्या हातचा. खऱ्या माशानं तोंड लावलं तर हात अजून चालतो.

“मामा, पण माशांना नाक असतं का?” मी विचारलं.

“तुमच्यापरस बरें!” मामा उसळले. “पावसांत न्हंयचें उदक तांबडें जाता, हाताक हात दिसना. तेन्ना मासो कितें चष्मो लावन जेवता?”

मामी आमच्या हिला म्हणाल्या, “करूंदी. घरांत गप्प बसतात तापरस बरें.”

तर अशा रीतीनं, ज्या माणसानं आयुष्यात गळ कधी हातात धरला नव्हता, तो दर रविवारी आमच्या बांधावर येऊ लागला. म्हापशाच्या दुकानातून त्यांनी काठी, रीळ आणि चकचकीत प्लास्टिकचे मासे आणले, आणि ते मासे लगेच नापास केले. “हें नटून बसलां. पूण वास खंय?” मग ते सावंतवाडीला जाऊन लाकडी खेळणी करणाऱ्या एका चिताऱ्याला भेटले. पोकळ पोटाचा मासा करून दे म्हणाले. चितारी हाडाचा कलावंत. त्यानं मासा दिला तो इतका देखणा की बघत राहावं. गुलाबी गाल, लाल ओठ, काळ्याभोर पापण्या. लग्नात रुखवतात मांडावा असा. पाण्यात टाकला तर तो उताणा झाला आणि आकाशाकडे बघून हसत वाहत गेला. दुसऱ्या खेपेला पोटाखाली शिसं लावलं, तर तो असा बुडाला की अजून वर आलेला नाही.

पोटात भरायच्या वासाचीही तीच कथा. अत्तराचा व्यापारी, त्यानं सुरुवात केवड्यानं केली. मी म्हटलं, “मामा, माशाला लग्नाला न्यायचं आहे का?” त्यांनी मोगरा करून पाहिला. गुलाब करून पाहिला. एका रविवारी एक कुर्ली आली, तिनं त्या माशाला नांगीनं ढोसून पाहिलं आणि निघून गेली. तेव्हा कुठे मामा मोगऱ्यावरून खाली उतरले आणि सुक्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, आले. सुंगटं भाजायची, कुटायची, खोबरेल तेलात कढवायची, त्यात बडीशेपेचा अर्क किती, ओवा किती, आलं घालायचं की नाही, यावर आठवडाभर विचार. दुकानामागच्या ज्या खोलीत चंदन उगाळलं जायचं तिथे आता सुंगटं शिजू लागली. मामांना वास येत नव्हता, त्यामुळे थांबावं कुठे हे त्यांना कळत नव्हतं. उदबत्त्यांना तो वास लागला. एक गिऱ्हाईक देवापुढे उदबत्ती लावून ती परत घेऊन आलं आणि म्हणालं, “मामा, घरांतलें मांजर देव्हाऱ्या कडसून हालना.” मामी मधे पडल्या, उदबत्ती बदलून दिली, आणि मामांना म्हणाल्या, “मोडिल्ली आसली.” त्या माउलीनं त्या दिवसांत इतक्या गोष्टी मोडक्या ठरवल्या की विचारू नका.

वास ठरला तरी तो सोडायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. पोटाला भोकं पाडली तर पहिल्याच फेकीत सगळा वास नदीला देऊन मासा रिकामा. मग मामांनी दुकानातली गोळीवाली अत्तराची कुपी बसवून पाहिली, ती मनगटावर फिरवतात ती. कल्पना खरोखर नामी होती. पाण्यात गोळी फिरेल तसा वास सुटेल. पण सुंगटांचा गाळ गोळीत अडकला आणि गोळी जी बसली ती बसलीच. मामा दोन रविवार नाराज होते. काठी फेकण्यातही त्यांचा हात अजून बसला नव्हता. एकदा गळ त्यांच्याच सदऱ्याच्या पाठीत अडकला, एकदा माडाच्या झावळीत, आणि एकदा आमच्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत. चादर त्यांनी रीळ फिरवून अंगणापर्यंत ओढत आणली, मोठा मासा लागल्याच्या आनंदात.

उपाय सापडला तो घरातच. संध्याकाळी मामी समई लावत होत्या आणि मामा ओसरीवर बसून बघत होते. एकदम म्हणाले, “तेल सगळें एकदम पेटना. वात दिता तितलेंच लागता.” त्यांच्या डोक्यात दिवा लागला तो असा. पोटात तेल, आणि पोटातून शेपटीच्या भोकापर्यंत एक वात. पाण्यात वातीतून तेल थोडं थोडं झिरपेल, आणि बाहेर लोंबणारा कापूस शेपटीसारखा हलेल ते वेगळंच. आता वाती कुणाच्या? मामी रोज दुपारी देवासाठी वाती वळतात. मांडीवर कापूस, बोटांना थोडी रक्षा, आणि तोंडानं पुटपुटत नामस्मरण. मामांनी त्यांतल्या चार मागितल्या.

“देवाची वात माशाच्या पोटांत?” मामींचा हात थांबला. “तुमकां कितें जालां काय?”

मामांनी समजूत घातली, मासा हाही देवाचा एक अवतार असल्याचं सांगितलं. मामी म्हणाल्या, तर मग अवतारालाच गळ लावताय. दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामींनी एक डबा मामांच्या पुढ्यात ठेवला. “ह्यो दावऱ्या हातान वळ्ळ्यात. ओसऱ्येर बसून. न्हायनासतना. ह्यो देवाक लागच्यो नात.” देवाच्या वाती उजव्या हाताच्या आणि माशाच्या वाती डाव्या हाताच्या, असा करार झाला आणि दोन्ही पक्षांनी तो पाळला. डाव्या हाताची वात जरा सैल वळली जाते. त्यामुळे तेल चांगलं झिरपतं असं मामांचं म्हणणं. मामींच्या पुढच्या डब्यात वाती मुद्दाम सैल होत्या, हे मी स्वतः पाहिलं.

घोटाळा झाला तो श्रावणात. श्रावणात आमच्याकडे घरात मासा आणत नाहीत, नावही घेत नाहीत, मग गळ टाकण्याची गोष्टच नाही. मामांनी वाती सुंगटांच्या तेलात घालून डबा मुरायला ठेवून दिला. पावसानं ओसरी गळायला लागली तेव्हा डबा भिजू नये म्हणून त्यांनी तो उचलून आत ठेवला, आणि जागा मिळाली ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. त्या सोमवारी आम्ही दोघं डिचोलीलाच होतो. भटजी आले होते. आरतीच्या वेळी मामांनी स्वतः निरांजन घेतलं, हात लांबवून डब्यातली वात काढली, तुपात बुडवली आणि लावली.

पहिल्या कडव्यापर्यंत कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या कडव्याला देवघरात सुंगटं भाजल्याचा असा घमघमाट सुटला की भटजींचा आवाज चढावा तिथे उतरला. सगळं गाव आठवडाभर वरणभातावर. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, दाराची चौकट धरून म्हणाली, “मामी, श्रावणांत तुमगेर सुंगटां?” तिच्या आवाजात निषेध किती आणि भूक किती हे सांगणं कठीण. बायकोनं पदर तोंडात कोंबला. भटजी टाळ्या वाजवत होते आणि आवंढे गिळत होते. आणि मामा डोळे मिटून, शांत, तल्लीन होऊन निरांजन ओवाळत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या एवढ्याशा खोलीत वास न आलेला माणूस एकटा तोच होता.

मामींनी पुढे होऊन निरांजन हातातून घेतलं, दुसरं लावून दिलं. मामांनी डोळे उघडले. “कितें जालें?”

“कांय ना,” मामी म्हणाल्या. “वात मोडिल्ली.”

“कांय ना, मामा,” आम्हीही म्हटलं. भटजींनीही मान हलवली.

मामांनी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग एकेकाच्या तोंडाकडे. आरती पुरी केली, प्रसाद वाटला, भटजींना दारापर्यंत पोचवलं. परत येऊन ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “तुमी सगळीं माझेर दया करतात. करूं नाकात. घाण येता जाल्यार घाण येता म्हणात. माका कळना म्हूण तुमी सगळीं खोटीं उलयतात, ताका लागून माका आनीकूच कांय कळना.” मला फार वाईट वाटलं. त्या वर्षी चवथीला मामांनी धूप केला नाही. वाळपईहून माणसं आली, वास्कोहून आली, त्यांना मामांनी कंपनीच्या छापील पुड्या दिल्या. कारण विचारलं तर म्हणायचे, “माल आयलो ना.” दुकानामागच्या खोलीत राळ आणि ऊद पोत्यात तसेच पडून होते.

चवथ गेली, दिवाळी गेली, थंडी आली. मामा रविवारी येत राहिले. आता ते फारसे बोलत नसत. मासा तेवढा सुधारत गेला. चिताऱ्याला शेवटी पटलं की याला पापण्या नकोत. पोटाखालचं शिसं जमलं. तेलात आलं बंद झालं, बडीशेप आली, आणि आणखी काहीतरी आलं जे मामांनी मला सांगितलं नाही. बांधावर बसणारे इतर गळवाले आधी त्यांना हसायचे, मग सवय झाली, मग वाऱ्याची दिशा बघून बसायला लागले.

शिगमा सरला त्यानंतरची ही गोष्ट. ओहोटी लागली होती, मानशीतून पाणी खळाळत पडत होतं. मामी छत्री उघडून बांधावर बसल्या होत्या, मांडीवर डाव्या हाताच्या वातींचा डबा. मामांनी मासा फेकला. तो या खेपेला कुणाच्याही चादरीत न जाता पाण्यात पडला. थोड्या वेळानं काठी वाकली. मामा म्हणाले, “खडप लागलो.” मग तो खडक डावीकडे निघाला. “जावयबापू! खडप चलता!” मी धावलो. दोघांनी मिळून काठी धरली, रीळ कुणी फिरवायचं यावर थोडी झटापट झाली, मामींनी छत्री टाकून दिली, आणि अखेरीस एक तांबोशी, लालबुंद, तळपती, बांधावरच्या गवतात येऊन आपटली. मामांचा लाकडी मासा तिच्या जबड्यात आडवा होता. सैल वात ओठाबाहेर लोंबत होती.

मामा गुडघ्यांवर बसले. त्यांनी तो मासा जबड्यातून सोडवला आणि सवयीनं नाकाशी नेला. दीर्घ श्वास घेतला. काही नाही. चेहरा तसाच. पण मग ते तांबोशीकडे बघून म्हणाले, “ही आमगेलें सोयरें न्हय. ही बरो म्हणटा जाल्यार बरो.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

मग मामा वळले आणि लाकडी मासा त्यांनी मामींच्या नाकासमोर धरला. “आतां तूं सांग. खरें सांग गो.”

मामींनी मासा हुंगला. मामांकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा ‘बरो’ येणार. पण मामी म्हणाल्या, “कुसक्या सुंगटांचो. पोटांत ढवळता माज्या. पयल्या दिसापासून ढवळता.”

मामा मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी ते हसणं पोटातून आलं होतं. “आनी चवथीचो धूप? आजारा उपरांत केल्लो तो?”

मामींनी डब्याचं झाकण उघडलं, लावलं. “चंदन चड जाल्लें. राळ उणी. पयलींचो न्हय तो.” आणि मग घाईघाईनं, “तुमकां वायट दिसतलें म्हूण...”

मला वाटलं हा घाव मामांना सोसणार नाही. मामा मात्र शांतपणे मान हलवत होते. “चड जाल्लें न्हय? माज्या हाताक दिसतालें तें. चंदनाक हात सैल सुटतालो.” ते मामींच्या शेजारी गवतावर बसले. “मगे तूं आसतनां हांव मासे कित्याक धरीत बसलां? फुडल्या फावटी तूं लागीं बस. हांव चिमूट घालतां, तूं नाक घाल.” मामी म्हणाल्या, त्यांना त्यातलं काही कळत नाही. मामा म्हणाले, “कळना जाल्यार कळना म्हण. पूण मोडिल्ली म्हणूं नाका.”

त्या पावसाळ्यात दुकानामागच्या खोलीत पुन्हा राळ आणि ऊद निघाले. मामा चिमूट टाकत आणि मामी नाक मुरडत किंवा मान हलवत. भांडणं भरपूर झाली, असं ऐकतो. चवथीला आमच्या घरात तो धूप लावला तेव्हा मला काहीतरी वेगळं वाटलं, आणि मी फोन करून मामांना तसं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, “तें तिचें नाक. तिका गुगुळ आवडता.” स्वतःचं नाक अजून परतलेलं नाही. त्याबद्दल विचारलं तर ते विषय बदलतात. कधी एकटे असले की कापराचा डबा उघडून बसलेले दिसतात.

पण मला ते आठवतात ते त्या तांबोशीच्या दिवशीचेच. दुपारी मी दोघांना बसथांब्यावर सोडायला गेलो होतो. तिथे एक बाई केळीच्या पानात सुरंगीच्या फुलांचे वळेसर घेऊन बसली होती. मामांनी एक घेतला आणि मामींना दिला. मामींनी तो केसांत माळला. मामा त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, “कशी येता, सांग.”

“कशी म्हणजे? सुरंगी येता तशी.”

“तशी म्हणजे कशी?”

मामी विचारात पडल्या. जन्मभर वासाबद्दलचं सगळं बोलणं त्यांनी नवऱ्यावर सोडलं होतं. स्वतःच्या पदरी बरो आणि कुसको असे दोनच शब्द. “गोड,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “न्हय, नुसती गोड न्हय. काकवी तापयतना येता तशी. आनी मागीर मात्शी तिखट.”

मामांनी डोळे मिटले. “हय. तिखट आसता. शेवटाक.” आणि डोळे न उघडताच म्हणाले, “आनीक सांग.”

तेवढ्यात बस आली. कंडक्टरनं दारात लोंबकळत हाक मारली. मामींनी त्याच्याकडे न बघताच हातानं ‘जा’ म्हणून खूण केली आणि डोक्यातला वळेसर काढून पुन्हा नाकाशी धरला. बस निघून गेली, आणि मामी शब्द शोधत राहिल्या.